वाटेवर भेटलेला माणूस

*या महिन्याचा अभ्यासपाठ : उपकार, ऋण आणि आपण*
(घरच्या सत्संगात सर्वांनी मिळून वाचावा. एका बैठकीत न जमल्यास दोन दिवसांत वाचला तरी चालेल.)





गेल्या काही महिन्यांत आपल्या कुटुंबगटांवर जे अनुभव आले, ते आम्ही वडगावच्या सेविकांनी एका दुपारी एकत्र बसून वाचले. त्यातले बरेचसे एकाच प्रकारचे निघाले. कुणाची गाडी घाटात बंद पडली, कुणाचा रात्री टायर फुटला, कुणाची स्कूटर पावसात भिजून सुरूच होईना. मग कुठून तरी एक अनोळखी माणूस आला आणि मदत करून निघून गेला. शेवटी जवळजवळ सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय, "सद्गुरूच धावून आले." वाचताना आमचंही मन भरून आलं. म्हणून या महिन्याचा पाठ याच विषयावर घेतला आहे.

पाठाचा प्रश्न साधा आहे. ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही, जो पुन्हा कधी भेटेल असं वाटत नाही, अशा माणसाचा उपकार फेडायचा कसा? आणि "सद्गुरूच आले" असं म्हटलं की तो फिटतो का?

*१. आधी शब्द समजून घेऊ*

उपकार हा शब्द आपण सहज वापरतो. "उपकार झाले हो तुमचे" म्हणतो आणि पुढे निघतो. पण आपल्या परंपरेत उपकाराला जोडूनच एक शब्द येतो, तो म्हणजे ऋण. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. शतपथ ब्राह्मणात याच्या जोडीला चौथं ऋणही सांगितलंय, ते मनुष्याचं ऋण. देवाचं ऋण यज्ञाने, ऋषींचं अध्ययनाने, पितरांचं संततीने आणि माणसांचं ऋण माणसांना आसरा व अन्न देऊन फेडायचं, असा त्याचा आशय आहे.

गृहस्थाच्या पंचमहायज्ञांतही मनुष्ययज्ञ आहे. त्यालाच अतिथियज्ञ म्हणतात. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. आपण पाहुणा म्हणतो तो बहुतेक वेळा फोन करून येतो, त्याच्यासाठी पोहे भिजवून ठेवलेले असतात. खरा अतिथी तो, जो न सांगता समोर उभा राहतो. या अर्थाने पाहिलं तर रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीतला माणूस हा आजच्या काळातला अगदी खराखुरा अतिथी आहे. त्याने यायचं ठरवलेलं नसतं. तिथे थांबायची त्याची इच्छाही नसते.

पूर्वी वाटसरूची ही अडचण समाजाने ओळखली होती. म्हणून वाटेवर पाणपोया असत, धर्मशाळा असत, विहिरी असत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी यात्रेच्या वाटांवर विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र घर असं केलंच नाही. पाणपोईचा माठ कुणी भरला हे पिणाऱ्याला कळत नाही आणि पाणी कोण प्यालं हे भरणाऱ्याला कळत नाही. तरी माठ रोज भरला जातो. आजच्या पाठाचं सगळं सार या माठात आहे, ते ध्यानात ठेवून पुढे वाचावं.

*२. आपला रस्ता आणि एक अनुभव*

आपल्या भागातल्या लोकांचं निम्मं आयुष्य महामार्गावर जातं म्हटलं तरी चालेल. पूर्वीचा चार नंबरचा, आता अठ्ठेचाळीस नंबरचा पुणे-बेंगळूर रस्ता. काकती, हत्तरगी, संकेश्वर, कणगला, मग तवंदी घाट उतरला की निपाणी, आणि पुढे यमगर्णी, कोगनोळी, कागल करत कोल्हापूर. लग्नकार्य, दवाखाना, अंबाबाईचं दर्शन, वाडीला दत्तमहाराजांचं दर्शन, मुलांचं शिक्षण, सगळं याच रस्त्याने. त्यामुळे अभ्यासासाठी अनुभव याच रस्त्यावरचा घेतला आहे. तो आमच्याच घरचा आहे, पण आपल्यापैकी कुणाच्याही घरचा असू शकला असता.

फेब्रुवारीतली गोष्ट. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याच्या तपासणीसाठी आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. परत येताना निपाणी ओलांडली, तवंदी घाटाचा चढ लागला आणि गाडीच्या बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. काट्याने लाल खूण ओलांडलेली. गाडी कडेला घेतली. दिवस कलला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूने सुसाट जाणारे ट्रक. सासूबाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा, धूळ जाऊ नये म्हणून वरून पदर घेतलेला.

पहिल्यांदा थांबला तो उसाचा ट्रॅक्टर. मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या. चढावर भरलेला ट्रॅक्टर थांबवणं म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच विचारावं. पंचविशीतला पोरगा होता, बोलला कन्नडमध्ये. त्याने आधी स्वतःच्या चाकांना दगड लावले. मग आमच्या गाडीच्या मागे बरंच अंतर चालत जाऊन रस्त्याच्या कडेला झाडाच्या फांद्या आणि दगड ओळीने मांडले, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबूनच कळावं. आम्हाला सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं केलं. गाडीच्या आत बसून राहणं हेच सगळ्यात धोक्याचं, हे तो हाताच्या खुणांनी सांगत होता.

तेवढ्यात तमिळनाडूचा एक ट्रक थांबला. त्या ड्रायव्हरला ना मराठी, ना कन्नड. मोडक्या हिंदीत त्याने एकच गोष्ट दोन-तीनदा बजावली, रेडिएटरचं झाकण आता उघडायचं नाही, अंगावर उकळतं पाणी उडेल. अर्धा-पाऊण तास थांबा. स्वतःच्या केबिनमधला पाण्याचा कॅन त्याने आमच्याजवळ काढून ठेवला आणि निघून गेला. तो कॅन परत कुठे पोचवायचा, हे विचारायलाही त्याने वेळ दिला नाही.

ट्रॅक्टरवाल्याने फोन करून निपाणीहून एका मिस्त्रीला बोलावलं. खालच्या वळणावर एक घर होतं, तिथल्या बाईला हाक मारली. ती चढ चढून आली आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना घरी घेऊन गेली. खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला. आणि एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती कुणी लिहीत नाही. वाटेत अडकलेल्या बाईची सर्वांत मोठी अडचण पाण्याची किंवा चहाची नसते. त्या बाईने न विचारताच सासूबाईंना मागच्या अंगाला नेऊन आणलं. एका बाईची अडचण दुसऱ्या बाईला सांगावी लागली नाही.

मिस्त्री मोटारसायकलवरून आला. रेडिएटरचा पाइप फाटला होता. त्याने नवा पाइप घातला, पाणी भरलं, गाडी सुरू करून दहा मिनिटं कान देऊन ऐकत उभा राहिला. पाइपाचे आणि पेट्रोलचे तेवढे पैसे घेतले. ट्रॅक्टरवाला तोवर तिथेच होता. त्याच्या हातात नोटा ठेवायला गेलो तर, "रोक्का ब्याड्री," एवढंच म्हणाला. पैसे नकोत. मग तो मागे गेला आणि मघाशी मांडलेले सगळे दगड एकेक करून उचलून त्याने कडेच्या गटारात टाकले, फांद्या बाजूला ओढल्या. आपली गाडी सुरू झाली की लोक दगड तसेच सोडून जातात आणि रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या पोराने मागून येणाऱ्या, त्याने कधी न पाहिलेल्या माणसाचाही विचार केला होता.

*३. "सद्गुरूच आले" म्हणताना*

पुढच्या गुरुवारी हा अनुभव आम्ही सत्संगात सांगितला. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी हात जोडले. "ट्रॅक्टरच्या रूपाने महाराजच उभे राहिले," असं एक जण म्हणाल्या. तेव्हा कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या. त्यांचं वाक्य जसंच्या तसं देतो :

"आले असतील बाई महाराज. पण त्या पोराचा कारखान्यावरचा नंबर मागं गेला असंल, रात्रभर गाडीतळावर कुडकुडला असंल, ते कुणाच्या खात्यावर मांडायचं?"

सगळे गप्प झाले. ऊसवाल्यांची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ पटकन कळेल. वजनकाट्यावर गाड्यांची रांग असते. तास-दोन तास उशीर झाला तर रांगेत किती गाड्या पुढे जातील याचा नेम नाही. तोडलेला ऊस जितका वाळतो तितका वजनात घटतो. म्हणजे त्या पोराने आम्हाला दिलेला वेळ फुकटचा नव्हता. त्याची किंमत त्याने स्वतःच्या खिशातून मोजली होती.

साधकाने इथे थोडं थांबून विचार करावा. "सद्गुरूच आले" ही आपली श्रद्धा आहे आणि ती खरी आहे. सद्गुरू कुणाच्याही हृदयात प्रेरणा करू शकतात. पण प्रेरणा झाली तरी थांबायचं की नाही हे त्या माणसाने ठरवलं. त्याच रस्त्याने त्या तासाभरात शेकडो गाड्या गेल्या. आपण लगेच सगळं श्रेय सद्गुरूंच्या चरणी वाहून मोकळे होतो आणि घाम गाळलेला माणूस गोष्टीतून पुसला जातो. गोष्टीत तो नुसता निमित्त उरतो. मग त्याचं ऋणही आपल्या मनातून उतरतं. देवाने केलं, देवाचे आभार मानले, नारळ फोडला, हिशेब मिटला. हा हिशेब खरंच मिटतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

संत एकनाथ महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहायची म्हणून नेत होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होतं. नाथांनी ती कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. आपण कथा सांगताना नेहमी म्हणतो की नाथांना गाढवात रामेश्वर दिसला. ते खरंच आहे. पण क्रम लक्षात घ्यावा. गाढवाची तहान नाथांना दिसली, म्हणून त्यात रामेश्वर दिसला. तहान न बघता एकदम रामेश्वर बघायला गेलो तर कावड भरलेलीच राहते आणि गाढव मरून जातं. आपल्या बाबतीतही तसंच आहे. मदत करणाऱ्यात सद्गुरू जरूर पाहावेत, पण आधी तो माणूस पाहावा. त्याचे कष्ट, त्याचा मोडलेला दिवस, घरी त्याची वाट बघणारी माणसं, हे सगळं पाहावं. असं पाहिलं की सद्गुरूंचं दर्शन कमी होत नाही, उलट जास्त खोल होतं.

*४. एकट्याची गाडी आणि हजारोंच्या गाड्या*

ही गोष्ट एकट्या-दुकट्याची नाही, हे आपल्या भागाने ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिलं. कोल्हापूर, सांगली आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात महापूर आला होता. शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, इकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी आलं. जवळपास आठवडाभर महामार्ग बंद होता. दोन्ही बाजूंनी ट्रकांच्या मैलोन् मैल रांगा लागल्या. त्यांतले कितीतरी ड्रायव्हर तमिळनाडू, केरळ, राजस्थान अशा दूरच्या मुलखातले होते. माल सोडून जाता येत नाही, पुढे सरकता येत नाही आणि जवळचा शिधा संपलेला.

त्या दिवसांत आसपासच्या गावांतल्या लोकांनी, तरुण मंडळांनी मोठाली पातेली चढवली आणि भात-आमटी, भाकरी, पाणी त्या रांगांपर्यंत पोचवलं. ज्यांच्या आसपासची शेतं पाण्याखाली होती त्यांनी हे केलं, ही गोष्ट विसरता कामा नये. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा काही दिवस महामार्ग बंद पडला, पुन्हा तेच झालं.

आता मनात एक चित्र आणून पाहा. तवंदी घाटात पाण्याचा कॅन ठेवून गेलेला तो तमिळ ड्रायव्हर. २०१९ च्या त्या रांगेत तो होता की नव्हता, आम्हाला ठाऊक नाही. पण त्याच्यासारख्या कुणाला तरी आपल्या भागातल्या कुठल्या तरी माउलीने भाकरी दिली होती. भाकरी देणारीला कॅन मिळाला नाही, कॅन आम्हाला मिळाला. आता आम्ही कुणाला तरी काही द्यायचं. उपकार असा पुढेपुढे सरकतो. मागे वळून देणाऱ्याच्या हातात तो ठेवता येत नाही, कारण तो केव्हाच पुढच्या गावाला गेलेला असतो. पाठाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच. हे ऋण ज्याचं त्याला फेडायचं नसतं, ते पुढच्या अडलेल्याला फेडायचं असतं.

*५. भाषेचा प्रश्न*

हा मुद्दा लिहावा की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी लिहायचं ठरलं, कारण आपण सीमेवर राहतो आणि आपली मुलं रोज मोबाइलवर काय वाचतात ते आपण बघतो.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपला सीमाप्रश्न आहे. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. वातावरण तापलं की पहिल्यांदा एसटी आणि कर्नाटकाच्या बसेस थांबतात, कोगनोळीपाशी पोलिसांचा बंदोबस्त लागतो. भाषेविषयी, हक्काविषयी प्रत्येक घराचं मत आहे आणि ते सोडावं असं हा पाठ सांगत नाही. मातृभाषेवर प्रेम हे आईवरच्या प्रेमासारखंच आहे.

पण घाटात थांबलेल्या पोराने आम्हाला आधी भाषा विचारली नाही. गाडी तापलेली दिसली, म्हातारी बाई दिसली, तो थांबला. खालच्या घरातली बाई अर्धी मराठी, अर्धी कन्नड बोलत होती. सासूबाईंना "कुंद्री, कुंद्री" म्हणत खुर्ची पुढे करत होती आणि सासूबाई तिला मराठीत आशीर्वाद देत होत्या. दोघींनाही एकमेकींचं सगळं कळत होतं. आपल्या वडगावात मागावर बसणाऱ्या घरांत, बाजारात, मंगाईच्या यात्रेत हे रोज घडतं. मात्र मुलांच्या कानावर हे येत नाही, भांडणाची बातमीच येते. म्हणून मुलांना या गोष्टी नावानिशी नाही तरी भाषेनिशी सांगाव्यात. "एका कन्नड बोलणाऱ्या दादाने मदत केली," असं स्पष्ट सांगावं. नुसतं "कुणीतरी मदत केली" म्हटलं तर त्या "कुणीतरी"चा चेहरा हरवतो आणि मुलांच्या मनातला राग तसाच राहतो.

*६. आपण स्वतः अनोळखी असतो तेव्हा*

इथपर्यंत मदत घेण्याविषयी झालं. आता बाजू बदलू. रस्त्यावर दुसऱ्या कुणाची गाडी उभी आहे आणि आपण तिच्या बाजूने जातोय. दहापैकी किती वेळा थांबतो?

न थांबण्याची कारणं आपल्या गटात विचारली तेव्हा तीन पुढे आली. वेळ नसतो. फसवणुकीची भीती वाटते. आणि अपघात असेल तर पोलीस-कोर्टाचं लचांड मागे लागेल असं वाटतं. तिन्ही कारणं खरी आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. फक्त त्यांचा नीट विचार करू.

तिसऱ्या कारणापासून सुरुवात करू, कारण त्याबाबत कायदा बदलला आहे आणि अजून फार लोकांना ते माहीत नाही. अपघातात जखमी झालेल्याला मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने २०१५ मध्ये काढली आणि ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर बंधनकारक केली. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आलं. सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही कमी-जास्त झालं तरी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याचे नियम २०२० मध्ये निघाले. पोलीस अशा माणसाला नाव, पत्ता, फोन नंबर सांगायची सक्ती करू शकत नाहीत. साक्ष द्यायची की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचं. त्याला दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही आणि जखमीच्या दाखल करण्याचे पैसे त्याच्याकडून मागता येत नाहीत. आपल्या कर्नाटकाने तर यासाठी २०१६ चा स्वतंत्र कायदा केला आहे. म्हणजे हात पुढे करणाऱ्याच्या पाठीशी आता कायदा उभा आहे. गंभीर अपघातातल्या जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार २०२१ पासून बक्षीसही देतं. सुरुवातीला ते ५,००० रुपये होतं, २०२५ मध्ये ते २५,००० रुपये झालं. बक्षिसासाठी कुणी सेवा करणार नाही, पण सरकारलाही या कामाचं मोल वाटतं, हे घरच्यांना सांगायला उपयोगी पडतं.

दुसरं कारण फसवणुकीचं. इथे विवेक हवा. रात्री सुनसान ठिकाणी, गाडीत फक्त बायका-मुलं असताना उतरून जावं असं कुणीही सांगणार नाही. न उतरताही मदत करता येते. राष्ट्रीय महामार्गावर *१०३३* हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. गाडी बंद पडली असेल, क्रेन हवी असेल, अपघात झाला असेल, तिथे कळवता येतं. पोलीस किंवा कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी *११२*, रुग्णवाहिकेसाठी *१०८*. पुढे जाता जाता कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा बघावा आणि "अमुक घाटात, अमुक बाजूला, पांढरी गाडी उभी आहे, आत म्हातारी माणसं आहेत" एवढं सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या टोलनाक्यावर किंवा हॉटेलवर सांगितलं तरी चालतं. अडलेल्या माणसालाही हा विवेक लागू आहे. पैसे, दागिने, मोबाइल सांभाळावेत, घरच्यांना आपण कुठे आहोत ते कळवावं. विश्वास आणि सावधपणा एकमेकांचे वैरी नाहीत. त्या ट्रॅक्टरवाल्यानेही आधी स्वतःच्या चाकांना दगड लावले, मग आमच्याकडे आला.

पहिलं कारण वेळेचं. त्याचं उत्तर कायद्यात नाही आणि फोन नंबरातही नाही. ते आपल्याच जवळ आहे. उसाच्या गाडीवाल्याजवळ आपल्यापेक्षा जास्त वेळ होता का, एवढाच प्रश्न आपण मनाला विचारावा.

*७. या महिन्याची साधना*

पाठ वाचून झाला की तो आचरणात यावा. म्हणून पुढच्या गोष्टी घरोघरी कराव्यात :

✅ गाडीत कायम ठेवाव्यात : पाण्याचा पाच लिटरचा कॅन, टॉर्च, धोक्याचा लाल त्रिकोण, दोरी, जुनी चादर, थोडी बिस्किटं. पाणी आठवड्याला बदलावं. आपल्याला लागलं नाही तर दुसऱ्या कुणाला लागेल.

✅ १०३३, ११२ आणि १०८ हे तीन क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून द्यावेत. आजी-आजोबांच्या साध्या फोनमध्येही.

✅ घरच्या ड्रायव्हिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : गाडी बंद पडली की चारही दिवे लुकलुकते ठेवायचे, त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास-साठ पावलांवर ठेवायचा, सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून लांब, कठड्याच्या आत उभं राहायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दगड-फांद्या ठेवल्या असतील तर निघताना आठवणीने उचलायच्या. हे शेवटचं काम घरातल्या मुलांकडे द्यावं, म्हणजे त्यांना त्याची सवय लागते.

✅ ज्यांची घरं महामार्गालगत किंवा घाटाच्या वाटेवर आहेत, त्यांनी दाराशी एक माठ भरून ठेवावा. अडलेल्या बायकांना घरातली सोय वापरू द्यावी. हाही मनुष्ययज्ञच आहे.

✅ पुढचा अनुभव गटावर टाकताना मदत करणाऱ्या माणसाने काय केलं, त्याचा किती वेळ गेला, त्याची काय अडचण झाली, हे चार ओळींत तरी लिहावं. नंतर सद्गुरूंचे आभार जरूर मानावेत. त्याचा फोटो, नंबर किंवा गाडीचा नंबर मात्र त्याला न विचारता टाकू नये.

*घरी चर्चेसाठी प्रश्न*

१. तुमच्या घराला वाटेवर मदत केलेली अशी किती अनोळखी माणसं आठवतात? आजी-आजोबांना आधी बोलू द्या. बैलगाडीच्या, पायी वारीच्या काळापासूनच्या गोष्टी त्यांच्याजवळ असतील.

२. त्या माणसांनी त्या दिवशी स्वतःचं काय बाजूला ठेवलं असेल?

३. मदत केलेल्याने पैसे नाकारले तर आपण काय करतो? त्या पैशांचं पुढे काय झालं? (आमच्या घरी सासूबाईंनी ते पैसे वेगळ्या डब्यात ठेवलेत. वाटेवर कुणी अडलेलं भेटलं की त्यातून खर्च होतो. दोनदा रिकामा होऊन तो डबा पुन्हा भरला आहे.)

४. एखाद्या वेळी थांबावंसं वाटलं आणि घरच्यांनी "चल पुढे" म्हटलं, असं झालंय का? पुढच्या वेळी सगळ्यांनी मिळून काय करायचं, ते आजच ठरवून ठेवावं.

पुढच्या गुरुवारच्या सत्संगात प्रत्येक कुटुंबाने एक तरी अनुभव सांगावा, असं ठरलं आहे. मदत घेतल्याचा असो वा केल्याचा, दोन्ही चालतील. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी बोलून पाठवावं, आम्ही लिहून घेऊ.

ज्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत, अशा सर्व वाटेवरच्या माणसांना सद्गुरूंनी सुखात ठेवावं. त्यांचा ऊस वेळेवर काट्यावर लागावा, त्यांच्या गाड्या सुखरूप घरी पोचाव्यात, आणि ते कधी अडलेच तर तिथून जाणारी पहिली गाडी आपल्यापैकी कुणाची तरी असावी, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.


— वडगावच्या सेविका